रांगत्या मुलाचें घर



घरांत मूल रांगूं लागलें म्हणजे त्या घरांतील प्रत्येक वस्तूचा अर्थ बदलतो. कालपर्यंत जी विळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत निमूटपणें पडून होती, ती आज शस्त्र होते. न्हाणीघरांतील बादली विहीर होते. आणि आजोबांच्या उशाशीं असलेली गोळ्यांची डबी विषाची कुपी ठरते. वस्तु त्याच, जागा त्याच. परंतु त्यांच्यापर्यंत पोंचणारा एक नवा हात घरांत आलेला असतो. या हाताच्या दृष्टीनें घराची फेररचना कशी करावी, आणि तीहि थोडक्या पैशांत कशी करावी, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

बाजारांत आतां या कामासाठीं पुष्कळ सामान मिळतें. कपाटांच्या दारांना लावावयाचे अडसर, टेबलाच्या कोपऱ्यांना चिकटवावयाच्या गाद्या, जिन्याच्या तोंडाशीं बसवावयाचीं फाटकें, अशी ती यादी बरीच लांब आहे. दोन खोल्यांत पांच-सहा माणसांचा संसार करणारें कुटुंब ती यादी पाहूनच स्वस्थ बसतें. माझें सांगणें असें कीं, या कामाचा बारा आणे भाग एक पैसाहि न वेंचतां होतो. तीन आणे भाग सुतळी, खिळे आणि जुन्या फळ्या यांवर भागतो. उरलेल्या एका आण्यापुरताच खिशांत हात घालावा लागतो.

यशोदेनें बाळकृष्णाला उखळाला बांधलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. बांधल्यानें कृष्ण थांबला नाहीं. तो उखळासह निघाला, आणि त्या उखळाच्या ओढीनें अर्जुनाचे दोन वृक्ष उन्मळून पडले. कथेंतील भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवला, तरी गृहस्थाश्रमी माणसाला तींतून एक व्यवहाराचा बोध मिळतो. मुलाला बांधून भागत नाहीं. बांधावयाचें असतें तें घर. रांगणें, ओढणें, पाडणें आणि तोंडांत घालून पाहणें, हा त्या वयाचा अभ्यासक्रमच आहे. आम्ही मास्तर मंडळी शाळेंत जें शिकवितों, त्याच्या कितीतरी पट अधिक विद्या मूल पहिल्या दोन वर्षांत जमिनीवर बसून संपादन करतें. हा वर्ग बंद करणें योग्य नव्हे. वर्गांतील जीवघेण्या वस्तु तेवढ्या उचलाव्या.

साधारणतः सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान मूल रांगूं लागतें, वर्षाच्या आगेमागे पहिलें पाऊल टाकतें, आणि दीड वर्षाचें होतें न होतें तोंच खुर्चीवर चढूं पाहतें. म्हणून मूल सहा महिन्यांचें होतांच कामास आरंभ करावा. घरांतील एका वडील माणसानें हातापायांवर येऊन सर्व खोल्यांतून एकदां रांगत फिरावें. घरचीं माणसें हंसतील. खुशाल हंसूं द्यावीं. उभ्या माणसाला जें कधींच दिसत नाहीं, तें या फेरींत दिसतें: पलंगाखालीं गडगडत गेलेलें बटण, भिंतीच्या तळाशीं असलेलें विजेचें छिद्र, टेबलावरून लोंबणारी कापडाची कड. जवळ वही ठेवून तींत तीन रकाने आंखावे: उचलावयाचें, झांकावयाचें आणि बांधावयाचें. जें दिसेल तें त्या-त्या रकान्यांत लिहावें. पुढचें सर्व काम या वहीवरून आपोआप होतें.

प्रथम पाण्याचा विचार करूं. तान्ह्या मुलाचें डोकें त्याच्या लांबीच्या सुमारें एक चतुर्थांश असतें. मोठ्या माणसाचें सातव्या-आठव्या हिश्श्याएवढेंच असतें. यामुळें बादलींत डोकावणाऱ्या मुलाचा तोल डोक्याकडे जातो, आणि एकदां आंत गेलेलें डोकें त्याला वर काढतां येत नाहीं. दोन इंच पाणीहि जीव घेण्यास पुरतें. शिवाय बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं. शेजारच्या खोलींतील आईला कांहींच ऐकूं येत नाहीं. उपाय फुकटचा आहे: काम झालें कीं बादली रिकामी करून पालथी घालावी. जेथें नळाला तासभरच पाणी येतें, तेथें सांठवण करावीच लागते. तेथें पिंपाला घट्ट झांकण असावें आणि तें सुतळीनें आवळून बांधावें. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एक कडी बसवावी. अंगणांतील हौद वा विहीर असेल तर तिच्यावर जाळी हवीच.

पाण्यामागून अग्नि. भाजण्याचे पुष्कळसे प्रसंग ज्वाळेपेक्षां ऊन पाण्यानें, चहानें आणि आमटीनें ओढवतात. गरम भांडें जमिनीवर ठेवूं नये; मूल मांडीवर असतां चहाचा पेला हातांत घेऊं नये; शेगडीवरील भांड्याचा दांडा भिंतीकडे वळवावा. बादलींत विजेची सळई टाकून पाणी तापविण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. तींत भाजणें आणि विजेचा धक्का असे दोन्ही धोके एकत्र आलेले असतात, म्हणून मूल असलेल्या घरीं ती सळई माळ्यावर टाकावी. ६० अंशांच्या पाण्यानें मुलाची कोंवळी कातडी कांहीं सेकंदांतच खोल भाजते. बंबाला उष्णतेचें चक्र असेल तर तें ५० अंशांच्या खालीं ठेवावें. स्नानाचें पाणी काढतांना आधीं गार व मग ऊन, हा क्रम सोडूं नये. स्वयंपाकघराला दार नसेल तर चौकटींत दोन-सव्वादोन फूट उंचीची फळी अडकवावी. मात्र हातीं गरम भांडें असतां ती ओलांडूं नये, आधीं बाजूस करावी. विळी मिटून उंच खिळ्याला अडकवावी.

आतां बारीक वस्तूंकडे वळूं. खेळण्यांची परीक्षा करण्याच्या नळकांड्याचें तोंड सुमारें ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच रुंद असतें. घरच्या घरीं पुठ्ठ्याला तेवढ्या व्यासाचें भोंक पाडावें. जी वस्तु त्यांतून पलीकडे जाईल, ती तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं देऊं नये. खाद्यपदार्थांत शेंगदाणे आणि फुटाणे हे मोठे दगलबाज आहेत. ते घशाऐवजीं श्वासनलिकेंत उतरतात व तेथेंच अडकून बसतात. पांच वर्षांपर्यंत अख्खा दाणा न देतां दाण्याचें कूट द्यावें; चव तीच राहते आणि धोका टळतो.

याच सदरांत एका नव्या शत्रूचें नांव घेतलें पाहिजे. बटणासारखी चपटी, चकचकीत विजेची घटिका आतां दूरनियंत्रकांत, बोलक्या खेळण्यांत आणि वजनाच्या कांट्यांत असते. ती अन्ननलिकेंत अडकली तर तिच्या विद्युत्प्रवाहामुळें तेथें दाहक क्षार निर्माण होतो, आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजूं शकते. "गिळलेलें नाणें शौचावाटे पडेल" असें म्हणून वाट पाहण्याची ही जागा नव्हे. संशय येतांच रुग्णालय गांठावें. अशा प्रत्येक उपकरणाचें मागचें झांकण स्क्रूनें आवळलेलें नसेल, तर त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावे. या उपायास दहा रुपयेहि पडत नाहींत.

विषांचा प्रश्न आमच्या वयाच्या मंडळींना विशेष लागू आहे. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या आम्ही उशाशीं, खिशांत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतों. मधुमेहाच्या कांहीं गोळ्या अशा आहेत कीं, एकीनेंहि लहान मुलाच्या रक्तांतील साखर धोकादायक रीतीनें उतरते. बाळंतिणीला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुलाला गोड खाऊ वाटतात, पण मूठभर पोटांत गेल्या तर प्राणांवर बेततें. तेव्हां आजोबा-आजींनीं आपलीं औषधें कुलपाच्या डब्यांत किंवा डोक्याहून उंच फळीवर ठेवण्याचा नेम स्वतःच करावा. सुनेवर तें काम सोंपवूं नये. औषधाला "गोळी-बिस्कीट" म्हणून मुलास फसविणें हेंहि वाईट.

देवघराकडेहि पाहावें. कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते. ती थोडीशीहि पोटांत गेली तर लहान मुलाला आंचके येतात. समई, काडेपेटी व कापूर यांची जागा उंच असावी. देव रागावणार नाहीं. फिनेल, न्हाणीघर धुण्याचें आम्ल, रॉकेल हे पदार्थ शीतपेयाच्या बाटलींत कदापि भरूं नयेत, कारण मूल बाटली ओळखतें, पदार्थ ओळखत नाहीं. उंदीर मारण्याच्या कांहीं मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. त्याला उतारा नाहीं. मूल एक-दोन दिवस बरें दिसतें आणि मग यकृत निकामी होऊं लागतें. असा मलम घरांत आणूंच नये; पिंजरा लावावा.

विजेचीं खालचीं छिद्रें प्लॅस्टिकच्या बुचांनीं झांकावीं, किंवा त्यांपुढें जड पेटी सरकवावी. येथेंच तो खर्चाचा एक आणा येतो. वीज जमिनींत गळूं लागतांच प्रवाह तोडणारें, ३० मिलिअँपिअरचें संरक्षक यंत्र मुख्य फळ्यावर माहीतगार कारागिराकडून बसवून घ्यावें. पैसे सांठवून एकच वस्तु घ्यावयाची झाली तर ही घ्यावी. ती मुलाबरोबर साऱ्या घराचें रक्षण करते.

पडण्याविषयीं थोडें. मूल पलंगावरून पडतें, म्हणून दोन वर्षें गादीच जमिनीवर घालावी. खिडकीखालीं पलंग वा पेटी ठेवूं नये, कारण ती मुलाची शिडी होते. गजांत चार इंचांहून अधिक अंतर असेल, किंवा सज्जाचे गज आडवे असतील, तर मजबूत जाळें ताणून बांधावें. कपाट आणि दूरचित्रवाणीचा संच लोखंडी काटकोनी पट्टीनें भिंतीस जखडावा, व जड वस्तु खालच्या खणांत ठेवाव्या. उखळाची गोष्ट येथें खरी होते: मूल खण उघडून त्यावर पाय देतें, आणि कपाट त्याच्यावर येतें. लुगड्याची झोळी तान्ह्याला सुखाची असली, तरी मूल बसूं लागलें कीं ती सोडून ठेवावी. मोठ्या मुलांनाहि तिच्याशीं एकटें खेळूं देऊं नये, कारण झोका घेतां घेतां तिचा पीळ गळ्याला बसल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

इतकें करूनहि अपघात घडलाच, तर चार गोष्टी ध्यानांत असाव्या. भाजलें तर वीस मिनिटें नळाचें वाहतें, साधें गार पाणी सोडावें; तूप, हळद वा दांत घांसण्याची पेस्ट लावूं नये. विष पोटांत गेलें तर मिठाचें पाणी पाजून वांती करवूं नये. रॉकेल आणि आम्ल वर येतांना दुप्पट घात करतात. उरलेली बाटली बरोबर घेऊन दवाखान्यांत धांवावें. घशांत वस्तु अडकली तर न दिसणाऱ्या वस्तूसाठीं बोट घालून चाचपूं नये. ती अधिक आंत जाते. एका वर्षाआंतील मूल हातावर पालथें, डोकें खालीं करून धरावें आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्यें, तळहाताच्या टांचेनें पांच थापा माराव्या. ही रीत प्रसंग येण्यापूर्वीं डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत १९९५ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय विष माहिती केंद्र रात्रंदिवस सल्ला देतें. हे क्रमांक दाराच्या मागें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

एक आक्षेप मला नेहमीं ऐकूं येतो: "आमचीं मुलें अशा कांहीं बंदोबस्तावांचूनच वाढलीं कीं!" वाढलीं तीं आज साक्ष देण्यास आहेत, जीं वाढलीं नाहींत, त्यांची साक्ष कोणीं काढावी? जुन्या प्रत्येक आळींत हौदांत गेलेल्या वा चुलीपाशीं भाजलेल्या एखाद्या मुलाची आठवण असे, आणि लोक तिला दैव म्हणत. त्या दैवाचा बराचसा भाग पालथ्या न घातलेल्या बादलींत होता.

दुसरी रूढि अशी कीं, मुलाला कांहीं झालें तर आईला बोल लावावा. जी स्त्री पाणी भरते, स्वयंपाक करते आणि पुष्कळदां पोटासाठीं बाहेरहि जाते, तिनें डोळ्यांत तेल घालून क्षणोक्षणीं मुलामागें राहावें, ही अपेक्षा अन्यायाची आहे. डोळा लवतो, दूध उतूं जातें, दारावर कोणीतरी येतें. घर बांधलेलें असलें म्हणजे त्या लवलेल्या डोळ्याची शिक्षा मुलाला होत नाहीं. म्हणून या वहीचें काम बापानें आणि आजोबानें करावें, आणि तें एकदां करून थांबूं नये. मूल महिन्यागणिक उंच होतें. गेल्या महिन्यांत सुरक्षित असलेली फळी या महिन्यांत त्याच्या हातीं लागते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं अर्धा तास ती फेरी पुन्हां घालावी.

आज जेवणें आटोपल्यावर न्हाणीघरांत जाऊन तेवढी एक बादली पालथी घालावी. त्याला पैसा लागत नाहीं, हत्यार लागत नाहीं, आणि उद्यांची वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.