तबेल्यातलं मांजर

गंगाखेड आणि गोदाकाठच्या गावांत आज घोडी दिसते ती बहुधा वरातीची. लग्नसराई सरली की तिचा मुक्काम दावणीला. शेजारी हरभऱ्याच्या चंदीचं पोतं, कोंडा, कडब्याची गंजी. एवढी शिदोरी मांडून ठेवल्यावर उंदीर येणारच.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. घेणारा दात पाहतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो. घोडीची चंदी कशात ठेवायची, याचा विचार मात्र तिथं क्वचितच होतो.

उंदीर खातो थोडं, नासवतो फार. लगामाचं चामडं कुरतडतो, खोगिरातला कापूस ओढून बिळात नेतो. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. या रोगानं घोडी गाभ टाकते, डोळे पुन्हा पुन्हा सुजून आंधळीही होते. शिवाय उंदरामागून साप येतो. सर्पदंशावरची लस ज्याच्या रक्तातून तयार होते, त्या घोड्याच्याच पायाशी नाग निघावा, ही किती वाईट गोष्ट! पिंपरीच्या हाफकिन संस्थेत या लशीसाठी घोडे पाळतात.

यावर अनेकजण झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. तबेल्यात हे करूच नये. घोड्याला उलटी होत नाही. विषाचा दाणा चंदीत मिसळला तर तो पोटातून बाहेर पडायला वाटच नाही. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तेही दगावू शकतं.

म्हणून मांजर. घोड्याचं आणि त्याचं जमतंही छान. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांच्या तीन मूळपुरुषांपैकी एक गोडॉल्फिन अरेबियन. तो १७५३ साली इंग्लंडात मेला. त्याच्या चित्रात त्याचं लाडकं मांजरही आहे. थंडीत घोडीच्या उबदार पाठीवर मांजर अंग मुडपून झोपतं आणि घोडी कान हलवण्यापलीकडे काही करत नाही.

पण सगळा भार मांजरावर टाकता येत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावले. भटक्या मांजरांनी तेवढ्या काळात मोठे उंदीर मारले फक्त दोन. मांजर दिसलं की उंदीर दडून बसत. घुशीच्या वाटेला तर आपलं मांजरही सहसा जात नाही. मांजर टिपतं ते लहान उंदीर आणि पिल्लं. त्यामुळे चंदी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावी, तोबऱ्यातून सांडलेले दाणे संध्याकाळीच झाडावेत. झाकणाचा दुसराही फायदा आहे: मांजराची विष्ठा दाण्यात पडत नाही. तिच्यातून टॉक्सोप्लाझ्मोसिस होतो, आणि घरात गरोदर बाई असेल तर तो फार घातक.

उपाशी मांजर जास्त उंदीर मारतं, ही समजूत चुकीची आहे. उपाशी मांजर दुसऱ्याच्या दारी जातं. रोज वाटीभर दूध-भाकरी, जमलं तर मासळीचा तुकडा आणि स्वच्छ पाणी मिळालं तर ते तबेला सोडत नाही, आणि शिकार त्याच्या रक्तातच असते.

मांजरी दोन महिन्यांत विते. पिल्लं गव्हाणीत किंवा खुरांखाली सापडतात, म्हणून मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की तिची नसबंदी करावी. घोडीला धनुर्वाताची लस द्यायला पशुवैद्य येतातच. त्याच फेरीत मांजराला रेबीजची लस टोचून घ्यावी. पिसाळलेलं मांजर घोडीला चावलं आणि रोगाची लक्षणं दिसू लागली, की मग घोडी वाचत नाही.