खडकवासल्याची वाट आणि एफ.वाय.चे विषय



सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, चाचणीत पाचव्या दिवशी कॉन्फरन्स आटोपते, मुलांना एका खोलीत बसवतात आणि निवड झालेल्यांचे चेस्ट नंबर वाचून दाखवतात. कधी पाच नंबर असतात, कधी दोन, कधी एकही नाही. ज्यांचा नंबर येत नाही ती मुलं बॅगा भरून स्टेशनची वाट धरतात. गेली २२ वर्षं मी कॉलेजात गणित शिकवतो आणि एनसीसीचं काम बघतो. भोपाळहून, बंगळुरूहून अशी परतलेली मुलं दर वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. मुलगा खाली बघत असतो आणि वडील विचारतात, "सर, याला आता कुठं घालू? की वर्षभर क्लासलाच ठेवू?"

आधी वयाचा हिशोब मांडू. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. कितीदा बसावं याला मर्यादा नाही, मर्यादा आहे ती वयाची. प्रवेशाच्या वेळी साडेसोळा ते साडेएकोणीस. जाहिरातीत जन्मतारखा छापलेल्या असतात, त्या दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. बारावी होताना मूल साडेसतरा-अठराचं असतं. म्हणजे हातात उरतात दोन, फार तर तीन संधी. इतक्या थोड्या वेळात कॉलेजचा व्याप कशाला, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. मलाही एकदा तसंच वाटलं होतं. एका हुशार मुलाला मी स्वतः सांगितलं, "ड्रॉप घे, मन लावून अभ्यास कर." त्यानं ऐकलं. लेखी परीक्षा तो पुन्हा पास झाला आणि एसएसबीतून पुन्हा परत आला. मुलाखतीत काय झालं ते त्यानं सांगितलं, तेव्हापासून मी कुणालाही ड्रॉप घ्यायला सांगितलेलं नाही.

एसएसबीत पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात, पीआयक्यू. शिक्षण, गुण, खेळ, छंद आणि याआधी कधी, कुठल्या मंडळासमोर आला होतात, हे सगळं त्यात लिहायचं असतं. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तो कागद असतो. दुसऱ्यांदा आलेल्या मुलाला तो हमखास विचारतो, मागच्या वेळेनंतर काय केलंस? माझ्या विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, क्लास. नवे मित्र नाहीत, स्पर्धा नाही, जबाबदारी नाही, नवा विषय नाही. दहा महिने तो एका खोलीत होता. त्या खोलीत त्याला मी बसवलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

अमेरिकेत वेस्ट पॉइंट किंवा अ‍ॅनापोलिसच्या अकादमीनं पहिल्यांदा नाकारलं की कित्येक मुलं वर्षभर साध्या कॉलेजात शिकतात आणि पुन्हा अर्ज करतात. तिथं त्या वर्षाचे विषय आणि गुण अकादमी बारकाईनं तपासते. म्हणून ती मुलं कॅल्क्युलस, रसायनशास्त्र, इंग्रजी लेखन असे अकादमीत पुढं लागणारेच विषय मुद्दाम निवडतात. आपल्याकडे एफ.वाय.चे गुण एनडीएच्या गुणवत्ता यादीत धरत नाहीत. लेखी ९००, एसएसबी ९००, संपलं. त्यावरून लोक समजतात की एफ.वाय.ला काहीही घेतलं तरी चालतं. इथंच चूक होते.

लेखी परीक्षेचे ९०० गुण नीट बघा. गणिताचे ३००. उरलेले ६०० सामान्य क्षमता चाचणीचे, त्यातले २०० इंग्रजीचे आणि ४०० सामान्य ज्ञानाचे. सामान्य ज्ञानात भौतिकशास्त्राचा वाटा साधारण २५ टक्के. इतिहास आणि स्वातंत्र्यलढ्याचा २० आणि भूगोलाचा २०. म्हणजे इतिहास-भूगोल मिळून जवळजवळ १६० गुण झाले. विज्ञान शाखेच्या मुलानं हे दोन विषय दहावीला मागं टाकलेले असतात. आता नव्या शैक्षणिक धोरणात आपल्या विद्यापीठांत मेजर विषयासोबत ओपन इलेक्टिव्ह घ्यावं लागतं, आणि तेही दुसऱ्या शाखेतलं. मुलं विचारतात, सर, सोपा कुठला? पेपर कुणाचा हलका जातो? मी म्हणतो, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र यांतलं जे तुझ्या कॉलेजात मिळेल ते घे. वर्षभर तासाला बसशील. मान्सून कसा येतो हे नकाशासमोर उभं राहून एकदा ऐकलंस, की गाइडमधल्या चार ओळी पाठ कराव्या लागणार नाहीत. गटचर्चेत नद्यांच्या पाणीवाटपाचा विषय निघाला तर तुझ्याजवळ बोलण्यासारखं काही असेल.

मेजरला गणित घ्यावं का? आवडत असेल तर जरूर. पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस आणि एनडीएच्या पेपरातलं कलन यांचा पाया एकच आहे. पण केवळ एनडीएच्या पेपरासाठी घेऊ नका. तो पेपर अकरावी-बारावीच्या पातळीचा असतो. अडीच तासांत १२० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा. तिथं रोजच्या सरावानं आलेला वेग लागतो, बी.एस्सी.च्या सिद्धता नाहीत. कला शाखेच्या मुलामुलींनाही हेच लक्षात ठेवावं लागेल. बारावीला गणित नसलं तरी लष्करासाठी अर्ज करता येतो, पण गणिताच्या पेपरातून सुटका नाही. अशांनी मेजर आपल्या आवडीचंच ठेवावं आणि गणिताला पहाटेचा एक तास द्यावा. हवाई दल, नौदल हवं असेल तर मात्र बारावीचं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच.

भाषेच्या पेपराबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. एसएसबीत एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि मग पंधराएक अनोळखी मुलांत बसून ती सांगायची. शब्दचाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकाला १५ सेकंद. आपल्या तालुक्यातलं मूल इथं अडतं. त्याच्या डोक्यात विचार नसतो असं नाही, चारजणांत उभं राहून वाक्य पुरं करायची सवय नसते. कॉलेजातला इंग्रजीचा पेपर मुलं परीक्षेआधी दोन दिवस वाचतात. तसं करू नका. तासाला पुढच्या बाकावर बसा, सादरीकरणाला पहिलं नाव तुमचं द्या, वादविवाद मंडळात जा. चुकलात तर कॉलेजात चुका.

आता वडिलांच्या मनातली भीती. दुसऱ्यांदाही नाही झालं तर? पदवी हाताशी असेल तर सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची सैन्यदलांची परीक्षा, आहे. भूदलासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. हवाई दलासाठी बारावीचं भौतिकशास्त्र-गणित आणि पदवी, किंवा मग इंजिनिअरिंग. सीडीएसमधून नौदल अकादमीत जायचं तर इंजिनिअरिंगचीच पदवी लागते. ज्या मुलाला समुद्रच हवा आहे त्यानं हे एफ.वाय.च्या प्रवेशावेळी ओळखायला हवं, टी.वाय.ला नव्हे. आणि एनडीएत निवड झालीच, तर कॉलेजचं वर्ष सोडून खडकवासल्याला पहिल्या टर्मपासून सुरुवात करायची. त्याचं दुःख मानू नका, तिथं सगळेच पहिल्या टर्मपासून सुरू करतात.

मुलींच्या आईवडिलांना हे सगळं तितकंच लागू आहे. २०२२ साली मुली एनडीएत दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांच्यातल्या १७ जणींची पहिली तुकडी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली. मुलीला "एकदा बघू, नाहीतर डी.एड. कर" असं म्हणू नका. तिलाही वयात बसतील तितक्या सगळ्या संधी द्या.

राहिली एनसीसी. बऱ्याच कॉलेजांत आता तिचे श्रेयांकही मिळतात, पण मी श्रेयांकांसाठी सांगत नाही. पहाटेची परेड, दहा दिवसांचं शिबिर, वीस मुलांचं जेवण वेळेवर वाढायची जबाबदारी, हे पीआयक्यूवर लिहिता येतं आणि विचारलं तर खरं सांगता येतं. तीन वर्षं टिकलात आणि सी प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं, तर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला जायचा एक वेगळा मार्गही आहे. भरती मात्र कॉलेज सुरू झाल्यावर लगेचच होते. सूचना फलकावर एक छोटा कागद लागतो, तारीख आणि मैदानाचं नाव. या वर्षी प्रवेशाच्या गडबडीत तो कागद चुकवू नका. आणि त्या दिवशी चपलेवर येऊ नका, धावायचं असतं.