थंडीपुरतं घर : कोझिकोडला जाऊन बघून आलो

मैत्रिणींनो, कुणी कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आम्ही कर्जाबद्दल किंवा हप्त्याबद्दल बोलणार नाही. आमच्या गटातल्या एका आक्कांसाठी आम्ही केरळात, समुद्राकाठच्या कोझिकोड शहरात, थंडीपुरतं घर बघायला गेलो होतो. ते सगळं आज सांगणार आहोत. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून सांगावंसं वाटलं.

आमची गावं सातारा आणि सांगलीच्या शिवेवरची. एका अंगाला खटाव-माण, दुसऱ्या अंगाला खानापूर-आटपाडी. पावसानं पाठ फिरवलेला हा मुलूख. शेतीत भागेना म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. जुनं सोनं-चांदी वितळवायची, त्यातला कस काढायचा, शुद्ध करून द्यायची, हे काम. 1972 च्या दुष्काळानंतर तर घरटी एखादा माणूस बाहेर पडला. आज विट्याच्या आसपासची माणसं काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भट्टी लावून बसलेली आहेत. केरळात आणि तमिळनाडूत तर पुष्कळ. आता टेंभूचं पाणी आलंय, शिवारं हिरवी दिसतात, पण गेलेल्या पोरांचे संसार तिकडंच रुजले. गावात राहिल्या त्यांच्या आया.

आमच्या आक्का त्यातल्याच. वय सत्तरीच्या पुढं, मालक जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगा चेन्नईत, एक कोझिकोडला. आक्कांना दमा आहे. पावसाळा कसाबसा निघतो, पण मार्गशीर्ष-पौषातली पहाटेची थंडी त्यांना सोसत नाही. मागच्या पौषात दोन वेळा रात्रीचं त्यांना विट्याला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी दार आतून बंद होतं आणि आक्कांना उठून कडी काढता येईना. शेजारच्या पोरानं कौलं काढून आत उडी मारली. ती रात्र आमच्यातली कुणीच विसरलेली नाही.

मुलांचे फोन आले. "आई, आता तिथं एकटी राहायचं नाही." भावकीतले म्हणाले, "जा की, सून करून घालंल, बसून खा." आक्का मात्र काही बोलेनात. गटाच्या बैठकीत शेवटी म्हणाल्या, "एकदा गेले की घराला कुलूप, अन् कुलपाला गंज. मग माझं इथं काय राहिलं?"

मैत्रिणींनो, त्यांना थंडीही नको होती आणि कुलूपही नको होतं. मग आमच्यातली एक म्हणाली, "आपल्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात, पण आधी एक जण पुढं जाऊन रान बघून येतो. पाणी आहे का, चारा आहे का. आणि उन्हाळ्यानंतर परत येतातच की. आपण आक्कांसाठी तसंच करू. कायमचं नाही, थंडीपुरतं. आणि आधी बघून येऊ." ठरलं. गटाच्या पैशाला हात लावला नाही. आक्कांचं तिकीट मुलानं काढलं, आमचं आम्ही दोघींनी.

पहिला प्रश्न, चेन्नई की कोझिकोड? दोन्ही समुद्राकाठची, दोन्हीकडं थंडी नावालाच. पण चेन्नईचा पाऊस आपल्यासारखा नाही. तिथं मोठा पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर. 2015 च्या डिसेंबरात तर अर्धं शहर पाण्यात होतं. म्हणजे आक्का ज्या महिन्यात जाणार, तोच तिथला पावसाळा. कोझिकोडला पाऊस जूनमध्ये सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा होतो, आणि डिसेंबरपासून उघडीप मिळते. रात्रीसुद्धा पारा वीसच्या खाली सहसा जात नाही. म्हणून कोझिकोड.

म्हसवडचा रथ झाला आणि आम्ही निघालो. सांगलीतून गोवा एक्स्प्रेसनं मडगाव, तिथं गाडी बदलून कारवार, उडुपी, मंगळूर करत खाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मधूनच समुद्र. आक्का खिडकी सोडायला तयार नव्हत्या.

मुलाचं बिऱ्हाड दुकानाच्या माडीवर. खाली भट्टी, वर संसार. सुनेनं मनापासून केलं, नातवंडं आजीला सोडेनात. पण रात्री आक्कांना जी ढास लागली, ती गावातल्या पौषापेक्षा वाईट. आम्हाला कारण सकाळी कळलं. सोनं शुद्ध करायला तेजाब वापरतात, त्याची वाफ आणि भट्टीचा धूर जिन्यावाटे वर येतो. आम्ही मुलाला म्हणालो, "दादा, इतका वास येतोय." तो गप्प बसला. मग म्हणाला, "आता मला वास येतच नाही."

त्या एका वाक्यावर आक्कांच्या डोळ्याला पाणी आलं. पोरगा वीस वर्षं पैसे पाठवतोय, ते कुठल्या हवेत बसून, हे आईनं पहिल्यांदाच बघितलं होतं. आक्का म्हणाल्या, "माझं राहू दे. आधी तुझी छाती दाखव डॉक्टरला." दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन त्या स्वतः सरकारी दवाखान्यात रांगेत उभ्या राहिल्या. दुकानात वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवायचं त्यानं तिथंच कबूल केलं.

आणि मैत्रिणींनो, आम्ही बघायला गेलो नसतो तर काय झालं असतं? थंडीतून सोडवायच्या नावाखाली आक्कांना आम्ही धुरात नेऊन ठेवलं असतं.

मग खोल्या बघितल्या. एक समुद्राच्या अगदी जवळ. संध्याकाळी वारा छान, पण खारी ओल भिंतीत मुरलेली, कपाटात बुरशी. दम्याला बुरशी वाईट. दुसरी स्वच्छ होती, पण तिसऱ्या मजल्यावर. तिसरी खोली मुलाच्या दुकानापासून दहा मिनिटांवर, तळमजल्यावर, अंगणात विहीर, घरमालकीण शेजारीच. भाडं जरा जास्त, तरी तीच पसंत पडली. सुनेनंच सुचवलं, "आम्ही सगळेच इथं राहायला येऊ, दुकान फक्त कामाला." म्हणजे आजीच्या निमित्तानं पोरंही धुरातून बाहेर पडणार.

आता तिथल्या जगण्याचं सांगतो. ज्वारी सहज मिळत नाही, जाड तांदूळ आणि खोबरेल तेल. पीठ बरोबर न्यावं लागतं. प्यायला कोमट, लालसर पाणी देतात, ते एका झाडाच्या लाकडाचं असतं, घाबरू नका. घाम फार येतो, कपडे लवकर वाळत नाहीत. भाषेचं म्हणाल तर आक्का पंधरा दिवसांत दोन शब्द शिकल्या. पाण्याला 'वेळ्ळम' आणि पुरे म्हणायला 'मदी'. जेवायला वाढताना 'मदी' सगळ्यात उपयोगी!

घरमालकीण कुटुंबश्रीच्या गटात. कुटुंबश्री म्हणजे केरळातलं बायकांचं मोठं जाळं, 1998 साली सुरू झालेलं. आपल्यासारखेच शेजारपाजारच्या बायकांचे गट, बचत, कर्ज, खानावळी. ती आम्हाला बैठकीला घेऊन गेली. एक शब्द कळत नव्हता. पण वही उघडली, पैसे मोजले, एकीनं हप्ता चुकवला म्हणून बाकीच्या तिच्याकडं बघायला लागल्या, तेव्हा आक्का हसून म्हणाल्या, "हे तर समदं आपलंच हाय." त्या दिवसापासून त्यांची भीती कमी झाली.

परत येऊन आम्ही बैठकीत सगळं मांडलं. तुमच्यातल्या कुणाला असं थंडीपुरतं जायचं असेल, तर आम्ही जे शिकलो ते सांगतो.

आधी पंधरा दिवस राहून बघा, तेही थंडीच्याच दिवसांत. घर दिवसा बघू नका फक्त, एक रात्र तिथं झोपा. जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. दमट हवा सगळ्यांना मानवतेच असं नाही. औषधं, पंप आणि जुने कागद जवळच्या पिशवीत ठेवा.

रेशन कार्ड घरी कडीकुलपात ठेवू नका. एक देश एक रेशन कार्ड योजनेत दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं, आधार जोडलेलं असलं पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, पण ते कुठल्या दवाखान्यात चालतं हे तिथं जाऊन आधीच विचारा. श्रावणबाळ योजनेचे पैसे येत असतील, तर दरवर्षीचा हयातीचा दाखला दिल्याशिवाय गाव सोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पासबुक आपल्या हातात. घराची किल्ली आपल्या माणसाकडं. परतीचं तिकीट जातानाच काढलेलं. आक्कांनी मुलाला या तीन अटी घातल्या आणि त्यानं त्या मान्य केल्या. चौथी अट त्यांनी सुनेला घातली, "पोरं सांभाळीन, पण माझ्या सवडीनं."

यंदा रथ ओढून झाला की आक्का निघतील, पाडव्याची गुढी उभारायला गावात असतील. हुरडा चुकेल, संक्रांतीचा तिळगूळ चुकेल, याची त्यांना हळहळ आहे. बचतीचा हप्ता मात्र त्या आगाऊ भरून चालल्यात. किल्ली गटाकडं राहील. दर सोमवारी आमच्यातली एक जण दार उघडून झाडलोट करेल, तुळशीला पाणी घालेल. कुलपाला गंज चढू द्यायचा नाही, एवढं आम्ही त्यांना सांगितलंय.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतही थंडीत एकटी खोकणारी एखादी आई, एखादी आत्या असेल. तिचं काय करायचं हे मुलांनी फोनवर आणि भावकीनं पारावर ठरवू नये. पुढच्या बैठकीत तिलाच विचारा, "तुला काय पाहिजे?" आणि मग तिला बरोबर घेऊन बघून या.