जलशुद्धीचे पटल आणि विवेक



दुपदरी वस्त्राने पाणी गाळून पिण्याचा संस्कार घराघरांत जपला गेला आहे. वस्त्र गाळ अडविते, बारीक जीव अडविते. परंतु पाण्यात विरघळलेले मीठ त्यातून सहज पार होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मागे ठेवणारे पटल मानवाने सिद्ध केले, ही विसाव्या शतकाची मोठी देणगी होय.

निवडक्षम पटलातून गोडे पाणी स्वभावतः खाऱ्या पाण्याकडे वाहते; यास परासरण म्हणतात. खाऱ्या बाजूस पुरेसा दाब दिला, की प्रवाह उलटतो. क्षार मागे राहतात, गोडे पाणी पलीकडे येते. हेच 'आर. ओ.'चे तत्त्व. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचे कार्यक्षम पटल तयार केले. कृत्रिम रेशमासारखे कापडही याच द्रव्यापासून विणले जाते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावास या पद्धतीने पाणी मिळू लागले. २०१० मध्ये चेन्नईजवळ मिंजूर येथे दररोज १० कोटी लिटर गोडे पाणी देण्याच्या क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला.

परंतु या गोडव्याचे मोल मोजावे लागते. समुद्रजलास वातावरणाच्या सुमारे साठपट दाब द्यावा लागतो. त्यासाठी वीज खर्ची पडते. आत घेतलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी दाट खारे होऊन समुद्रात परतते. घरगुती यंत्रातही एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर मोरीत जाते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी पाण्याची तपासणी करावी. क्षार या मर्यादेच्या आत असतील आणि फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट यांचा दोष नसेल, तर जंतूंसाठी उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरेसे ठरते. दोष असेल तेथे मात्र हे पटल वरदानच आहे. तेथेही बाहेर पडणारे पाणी फरशी, भांडी यांसाठी जरूर वापरावे.

शुद्ध पाण्याचा प्रत्येक पेला भरताना किती पाणी वाहून गेले, याचाही हिशेब ठेवला जावा. गरजेपुरतेच घेणे, ही पाण्याची खरी राखण होय.