समुद्राच्या तळाची वही

तलावातल्या मासळीसाठी चुना टाकण्याचं आपण बोललो होतो. आज त्याच चुन्याची गोष्ट सांगते, पण समुद्राच्या तळाची. भंडाऱ्यात बसून समुद्राचं काय, असं वाटेल. थोडं ऐका, गोष्ट आपल्या रोवणीपर्यंत येते.

उन्हाळ्यात मामा तलाव आटला की गाळात शिंपले दिसतात. शिंपल्याचं कवच म्हणजे एक प्रकारची चुनखडीच. अंड्याचं टरफलही तसंच. टरफलावर लिंबू पिळून पाहा, बुडबुडे येतात आणि ते हळूहळू झिजतं. आंबट पाणी चुनखडी खातं.

समुद्रात खसखशीच्या दाण्याहूनही बारीक जीव असतात. त्यांना फोरामिनिफेरा म्हणतात. त्यांनाही चुनखडीचं कवच असतं. ते मेले की कवचं तळाशी पडतात आणि गाळाचे थरावर थर साचतात. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा जीव खूप वाढतो. म्हणून तिथल्या ज्या थरात त्याची कवचं जास्त, त्या काळात वारे जोराचे होते असं मानतात. आपला बराच पाऊस बंगालच्या उपसागरावरून येतो हे खरं, पण तोही याच मोसमी वाऱ्यांच्या कुटुंबातला. पऱ्हे टाकून आभाळाकडे बघत बसणाऱ्या बाईला हजारो वर्षांच्या पावसाळ्यांची अशी वही असणं कमी मोलाचं नाही.

पण या वहीलाही वाळवी लागते. खोल पाणी थंड असतं, त्यावर दाब प्रचंड असतो. शिवाय कुजलेल्या जीवांपासून निघणारा, सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू त्यात मुरलेला असतो. त्यामुळे साधारण ४ ते ५ किलोमीटरच्या खाली कवचं जवळजवळ सगळी विरघळतात, उरते नुसती माती. त्याच्या वरही पातळ कवचं आधी जातात, जाड मागे राहतात. मग एखाद्या थरात कवचं कमी दिसली, तर वारे कमी होते की कवचंच विरघळली?

गटाच्या वहीची पानं वाळवीनं खाल्ली, तर त्या महिन्यात कुणी बचत भरलीच नाही असं आपण म्हणतो का? बँकेचं पासबुक काढून ताळा घेतो. शास्त्रज्ञही तसंच करतात. तुटकी कवचं किती ते मोजतात, सारख्या आकाराच्या कवचांचं वजन करतात. वजन कमी भरलं तर झीज झाली असावी असा संशय घेतात. गोव्यात दोना पावला इथे १९६६ साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अरबी समुद्राच्या गाळातल्या अशा कवचांचा अभ्यास तिथे होतो.

आता आणखी एक. कोळसा, डिझेल जाळून आपण जो वायू सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पिऊन घेतो. त्यानं पाण्याचा आंबटपणा वाढतो, आणि जिवंत जिवांनाही कवच बांधणं जड जातं. तळाची चुनखडी विरघळून तो आंबटपणा मारते, जसा आपला चुना तलावात मारतो. फक्त तलावात काही दिवसांत फरक दिसतो, समुद्राला त्यासाठी हजारो वर्षं लागतात.

टरफल आणि लिंबू घेऊन पुढच्या बैठकीला या. मुलींनाही आणा, त्यांना बुडबुडे बघायला आवडतील.