चतुर्थी, मॉरिशसची आणि आपली
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'देशोदेशीच्या गमती'. गमती पुष्कळ आहेत. जपानमध्ये तोक्योच्या असाकुसा भागात मात्सुचियामा नावाचे देऊळ आहे. तिथला देव म्हणजे आपल्या गणपतीचेच जपानी रूप. त्याला मोदक नाही, चक्क पांढरा मुळा वाहतात! इंडोनेशियाने १९९८ साली काढलेल्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर गणपती होता. ती नोट आता चलनात नाही, पण देश मुसलमान बहुसंख्य, हे लक्षात घ्या. थायलंडच्या सरकारी ललित कला विभागाच्या मुद्रेवरही गणपतीच आहे.

पण आज मला बोलायचे आहे ते मॉरिशसविषयी. हिंदी महासागरातले हे बेट आपल्या आजच्या दुर्ग जिल्ह्यापेक्षाही लहान. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून तिथे गिरमिटिया मजूर उतरले आणि मग ही रीघ विसाव्या शतकापर्यंत चालली. सुमारे साडेचार लाख माणसे गेली, उसाच्या मळ्यांत राबायला. बरेच बिहारकडचे, काही दक्षिणेचे, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोक. पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर दगडी सोळा पायऱ्या चढून वर जावे लागे. त्या आजही आहेत. त्या जागेला 'आप्रवासी घाट' म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसा आहे. वर गेले की प्रत्येकाला एक नंबर मिळे. नावे गोऱ्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी वहीत चढली, आणि बापाचे नाव हेच कित्येकांचे आडनाव होऊन बसले.

आता सांगतो ते मला सगळ्यात नवलाचे वाटते. तिथल्या मराठी माणसाच्या घरात आज बहुधा क्रिओल बोलतात. मराठी मुलांना शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकावी लागते. पण गणपती घरोघरी बसतो. आणि 'झाकरी' आहे! आपल्या कोकणातली जाखडी, म्हणजेच बाल्या नाच. मध्ये ढोलकीवाले बसलेले, भोवती पायात चाळ बांधून फेर धरलेला. भाषा जिभेवरून उतरली तरी पायांतून गेली नाही.

तिथे गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुटी असते. गंमत अशी की ती विसर्जनाच्या दिवशी, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, सुटी २८ला. (आपल्या कारखान्यात भट्टीला सुटी माहीत नाही. मी कितीतरी चतुर्थ्या बी शिफ्टमध्ये काढल्या आहेत.)

हे इथे का सांगतो? १९५५च्या रशियाबरोबरच्या करारानंतर इथे कारखाना उभा राहिला आणि नागपूर, अमरावती, भंडाऱ्याहून आपण आलो. कोणी आपल्याला जहाजात घातले नव्हते, पगार होता, क्वार्टर होते, रात्री गाडीत बसले की सकाळी गाव. तरी माझा नातू परवा आरतीला उभा राहिला तो मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आरती वाचत. उच्चार हिंदी वळणाचे. मी टोकणार होतो, सुनेने डोळ्यांनी गप्प केले. नंतर तोच म्हणाला, "आबा, ये 'वारी वारी' का मतलब क्या है?" मला चटकन सांगता आले नाही! साठ वर्षे म्हणतो आहे.

तेव्हा रागवायचा अधिकार माझा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे रोज एक ओळ अर्थासकट घेतो. तिसऱ्या कडव्यावर आलो आहोत. शेजारच्या क्वार्टरमधली दोन मुलेही येऊन बसतात, त्यातले एक तेलुगू आहे.

ताम्हण आले वाटते. मुलांनो, झांजा घ्या आणि पुढे या.