सौंसर : वाटेने वाढलेले गाव

एखादे गाव कशाने वाढते? सौंसरपुरते याचे उत्तर ‘वाटेने’ असे द्यावे लागेल. सातपुड्याच्या दक्षिणेकडील या काळ्या जमिनीत कापूस पिके, परिसरात मँगनीजही होते. पण माल नागपूरला न्यायचा तर बैलगाडीचाच आधार. १९१३ साली बंगाल-नागपूर रेल्वेचा अडीच फुटी लोहमार्ग नागपूरहून सौंसरवरून छिंदवाड्यास गेला आणि गावाला मोठ्या पेठेचे दार उघडले. खनिजामुळे त्याचे नाव शास्त्रातही गेले : मध्य भारतातील मँगनीजयुक्त खडकांचा एक समूह आजही ‘सौंसर’ याच नावाने ओळखला जातो.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर मध्य प्रदेशात राहिले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरातील मराठी मात्र जागची हलली नाही. २०१५ साली ती छोटी गाडी थांबली व पुढे तेथे रुंद मार्ग आला. २०२३ साली नवा जिल्हा झाला, त्याचे मुख्य ठाणे पांढुर्णा ठरले. कचेरी कोठे असावी हे शासन ठरविते; गाव कोणाशी जोडलेले राहावे, हे त्याची वाट आणि त्याची भाषा ठरवीत असते.